उस्मानकूलने खड्ड्याचं तोंड झाकलं

उस्मानकूलचं अवघं आयुष्य मेंढरांमागे गेलं. उन्हाळाभर वरच्या कुरणात, लोकरीच्या जाड नमद्याच्या तंबूत. तंबूच्या माथ्याला धूर जायला भोक असतं. गारठा पडला की दोरी ओढून त्यावर नमदा घ्यायचा, झाली आत ऊब. एवढी विद्या त्याला पाळण्यातच मिळालेली. भाजीपाल्याशी मात्र छत्तीसचा आकडा. "गाजर हे मेंढराचं खाणं. आपण मेंढरू खाल्लं की ते आपल्याला पोचलंच की!" असं म्हणायचा आणि स्वतःच खोखो हसायचा.

गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा कळप लेकाच्या हवाली करून गडी घरी बसला. घर म्हणजे बायकोचं, बुरुलचाचं राज्य. नदीकाठच्या वाफ्यातली गाजरं ती शरदात अंगणातल्या पुरुषभर खोल खड्ड्यात, ओलसर वाळूच्या थरांत निजवायची. मधोमध बोरूची पेंढी उभी, तिचा शेंडा बाहेर. वरून फांद्या, गवत, माती. घाट बर्फाने बंद झाला की वसंतापर्यंत घराला भाजी तीच.

त्या वर्षी थंडी अशी, की थुंकी जमिनीवर पडताना टणकन वाजावी. बुरुलचा लेकीच्या बाळंतपणाला शेजारगावी गेलेली. एका सकाळी उस्मानकूल पाहतो तर बोरूच्या शेंड्यातून वाफ निघतेय! त्याचा जीव कळवळला. एवढी ऊब फुकट चालली! त्याने जुना नमदा आणून शेंड्यावर दाबून बसवला, वर शेणी रचल्या. आता म्हातारी येऊन शाबासकी देईल, म्हणून मिशीत हसत बसला.

तीन आठवड्यांनी म्हातारी आली. अंगणातच थबकली.

"हे कुणी केलं?"

"मी. गारठली असती ना तुझी गाजरं."

"अरे म्हाताऱ्या, नाक दाबलंस त्यांचं! हा काय तंबू आहे? आत चूल पेटलीय कुणाची?"

"मग वाफ कसली येत होती?"

"श्वास होता तो! कोंडला की आत घाम, घाम आला की कूज. एक कुजलं की शेजारचंही गेलं. वसंतापर्यंत काय, तुझ्या मिशा शिजवू?"

उस्मानकूलचं तोंड एवढंसं झालं. नमदा तर तिने उपटलाच. उघडल्यावर गाजरं गारठू नयेत म्हणून अंगणात ऊन भरेपर्यंत थांबली, मग कडेची माती काढून वाट केली. "उतर. कोंडलंस तू, सोडवशीलही तूच."

कंदील घेऊन, गुडघ्यांना शिव्या देत तो उतरला. वर नदी गोठून दगड झालेली, आणि इथे फांद्यांवरून पाण्याचे थेंब टपटपत होते! कडेची गाजरं काळी, बुळबुळीत. हात घातला की लगदा. बादली भरत तो आत सरकला. पुढच्या थरावरची वाळू बोटांनी हळूच बाजूला केली, आणि हात तसाच राहिला.

प्रत्येक गाजराच्या डोक्यावर कोंब. बदकाच्या पिल्लासारखा पिवळा, नखाएवढा. सूर्य पाहिलेला नाही, वारा माहीत नाही, तरी वर निघालेला. त्याने तळवा जवळ नेला. नुकत्या जन्मलेल्या कोकराचा श्वास हाताला लागावा, तशी धग लागली.

"काय झालं? गेलं का सगळं?" वरून बुरुलचा ओरडली. "म्हाताऱ्या, बोल की!"

"हळू बोल गं म्हातारे. जिवंत आहेत."

"मग मी काय दगड पुरले होते?" ती म्हणाली, पण आवाज तिचाही ओला झाला होता.

त्याने लोकरी टोपी काढून काखेत धरली. आयुष्यभर किती कोकरं याच हातांनी ओढून काढली, पण असं मातीच्या पोटात, कुणी न हाकता, न चारता?

"ऊन चाललंय! हात चालव!" म्हणत तिने कोरड्या वाळूची टोपली दोराने खाली सोडायला घेतली.

"जपून सोड," उस्मानकूल खालून म्हणाला, "आम्ही आहोत इथे."