पक्कं लॉक
घडीचा चाकू उघडल्याचा ‘टक’ आवाज ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. चिंचणीच्या आमच्या बोटीवर एकदा जाळ्याचा दोर धाकट्या भावाच्या पायात अडकला आणि त्याला पाण्यात ओढू लागला. बोईसरहून आणलेला नवा चाकू मी दोरात खुपसला, तर पातं उलटं मिटून माझ्याच बोटांत घुसलं. बाबांनी कोयत्याने दोर तोडला, म्हणून भाऊ वाचला. मग आम्ही बोईसरच्या दुकानात गेलो, तर ‘लॉक पक्का है’ म्हणत तो चाकू विकणारा दुकानदार माझा पट्टी बांधलेला हात बघून हसला, “अरे, ये तो सेब काटने का है!” बाबांनी तसाच दुसरा चाकू उघडून पात्याच्या पाठीवर दाब दिला. तोही मिटला. “माजा पोरगा गेला असता! हा इकायचा नाय!” ते ओरडले. दुकानदाराने मान डोलावली आणि आमच्यादेखत चाकू परत काचेखाली ठेवला. ती काच मी तेव्हाच फोडली नाही, याचा राग अजून जात नाही.