तिच्या नावापुढची सही

हे सांगायचं मी सोळा वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, न कळताच गेली.

सुलभा फळ्यासमोर उभी होती. महाडच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा रसायनांचा कारखाना. मीटिंगची खोली, एसी चालू. समोर पुण्याहून आलेले चौघे. गोदामाचं आमचं जुनं सॉफ्टवेअर ते नव्याने लिहिणार होते. त्यांचा प्रमुख तिला म्हणाला होता, "सिस्टीमचं डिझाइन काढून दाखवा."

तिने तीन खाचरं काढली. भाताची. एकाखाली एक, मध्ये बांध.

"माल असा उतरतो," ती म्हणाली. "वरनं मधी, मधनं खाली. पाणी चढलं का हितं बांध घालायचा. तोच हा 'प', पाण्याचा."

प्रमुखाने पेन टेबलावर ठेवलं.

"ताई, आम्ही डिझाइन विचारलं. लावणी नाही."

सगळे हसले. मीही.

मी त्या विभागाचा मुख्य होतो. माझं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला. दहावीपर्यंत दर पावसात मी चिखलात वाकून लावणी केली आहे. तिचं चित्र समजणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

कारण त्याआधी दहाच मिनिटं त्याने मला विचारलं होतं, "हे मूळचं तुम्ही लिहिलंत? कुठल्या कॉलेजचे?" मी सांगितलं. "अच्छा," तो म्हणाला, आणि दुसऱ्याकडे बघायला लागला. एवढंच. पण पन्नाशी ओलांडलेला मी त्या एका शब्दाने पुन्हा अनवाणी झालो. मला कसंही करून त्याच्या बाजूला जाऊन बसायचं होतं.

प्रोग्राम मी लिहिला हे खरं. पण पुढे बारा वर्षं तो सुलभाने सांभाळला. कापडे गावची बाई, बारावी झालेली, डेटा एंट्रीला लागली होती. बघत बघत शिकली. मी मीटिंगांना जायचो, ती बदल करायची. लोकांना वाटतं, प्रोग्राम म्हणजे त्यातल्या ओळी. ओळी कुणीही वाचेल. ही ओळ इथे का आहे, काढली तर कुठे काय ढासळेल, हे ज्याला सांगता येतं, प्रोग्राम त्याचा. तो माझा राहिला नव्हता. तिच्या डोक्यात होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. तिने त्याला खाचरांसारखं ओळखलं होतं, कारण खाचरं तिला येत होती. यात हसण्यासारखं काय होतं?

आमची गोदामं तीन, उतारावर एकाखाली एक. खालचं ओढ्याला लागून. काही पिंपांतला माल असा, की पाणी लागलं तर विषारी धूर. ओढा खुणेच्या दगडावर चढला की वॉचमन फोन करायचा. सुलभा 'प' चालू करायची. मग ती पिंपं खाली ठेवायला प्रोग्राम नकारच द्यायचा. अर्धं वापरून परत आलेलं पिंपसुद्धा वरच जायचं. महाडचा दुकानदार पाऊस वाढला की न सांगता माल माळ्यावर चढवतो. तेच तिने प्रोग्रामला शिकवलं होतं.

"तीन वर्षांत हा 'प' एकदाही वापरलेला नाही," प्रमुख म्हणाला. "डेड कोड आहे. काढून टाकू."

"तीन वर्सं पाणी चढलं नाय म्हणून," सुलभा म्हणाली. "मेला नाय तो. बसून हाय."

पुन्हा हशा.

शेवटच्या दिवशी हस्तांतराचा कागद आला. त्यावर एकच वाक्य. 'संपूर्ण प्रणाली समजावून दिली व समजून घेतली.' खाली सुलभाचं नाव आणि सहीची जागा. तिने दोनदा वाचलं. कागद परत सरकवला.

"मी समजावून दिलं, ते लिवून देते. त्यांनी समजून घेतलं ते मी कसं लिवून देऊ, सर? त्यांना कुठं समजलंय?"

"नुसती पद्धत असते गो ती," मी म्हणालो.

"असंल. माझी नाय."

ती उठून गेली. प्रमुख माझ्याकडे बघून हसला. "तुमच्याकडच्या बायका भारी हट्टी हो."

मी तिच्या नावापुढे सही केली. तिची. बारा वर्षं हजेरीपटावर बघितलेली. हुबेहूब जमली.

पुढच्याच पावसात ओढा चढला. वॉचमनने फोन केला. नव्या स्क्रीनवर 'प' नव्हता. परत आलेल्या सहा पिंपांना मशीनने खालची जागा दाखवली, माणसांनी तिथे ठेवली. पाणी आत शिरलं. धूर झाला. एका हमालाचे दोन्ही डोळे गेले.

चौकशीत पुण्याचे लोक म्हणाले, 'प'चं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तो कागद निघाला. चौकशीच्या साहेबांनी सुलभाला विचारलं, "सगळं समजावून दिलं असं सही करून सांगता, मग ही गोष्ट का लपवलीत?"

"ही सही माझी नाय."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमच्यासमोर केली होती ना यांनी?"

"हो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला काढून टाकलं. गावात ती डोळे घालवणारी बाई झाली. मी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालो.

आता महाडच्या एका कॉलेजचं पत्र आलंय. 'तालुक्यातले पहिले प्रोग्रामर' म्हणून माझा सत्कार, आणि मी मुलांना डिझाइनवर दोन शब्द सांगायचे. सत्कार घेणार नाही असं कळवलंय. सोबत हेच पाठवतोय. मुलांना वाचून दाखवा म्हटलंय. दाखवणार नाहीत, हे मला माहीत आहे. याने काही बदलणारही नाही. कारखान्याला टाळं आहे. चौकशीची फाइल कुणाकडे आहे, कुणाला ठाऊक नाही. तो हमाल वारला.

गेल्या कार्तिकात मी कापड्याला गेलो होतो. सुलभा अंगणात भात वाळवत होती. केस पांढरे झालेत. "या सर," म्हणाली. खुर्ची दिली, चहा ठेवला.

"सुलभा, तो कागद..." मी सुरुवात केली.

तिने हात वर केला.

"त्याचं बोलायचं असंल तर बोलू नका. तुमचं हलकं व्हायला माझं अंगण नाय."

मी चहा प्यायलो आणि उठलो. एसटीत बसल्यावर छाती हलकी वाटली. बोलावं लागलं नाही म्हणून. त्या हलकेपणाची मला आजही किळस येते.

सही मी केली. खोटं मी बोललो. विचारणाऱ्याला सांगेन, न विचारणाऱ्यालाही सांगेन. पण 'सुलभा, मला माफ कर' हे तिच्यासमोर म्हणता आलं नाही, आणि आता म्हणणारही नाही. ते ऐकून घ्यायची सक्ती मी तिच्यावर करणार नाही.