काठावरचा तीन

छिन्नी घसरली आणि दगडाच्या काठावरचा तीनचा आकडा टवक्यासकट उडाला.

काकांनी हातोडी खाली ठेवली. निम्म्या गावाच्या दारांवर त्यांनी कोरलेली नावं होती. पण अलीकडे हात कापायचा. सकाळीच काकूंनी सुनावलं होतं, "कपातला चहा बशीत सांडतोय आणि निघाले छिन्नी धरायला!" तेव्हा त्यांनी शब्द दिला होता : हा दगड बिघडला, तर छिन्नी कायमची बंद.

आणि दगड बिघडला.

त्यांची तरुण मैत्रीण शेजारीच बसली होती. साहित्याची पदवी घेऊन ती घरीच होती, म्हणून काकांना दगडावर अक्षरं रेखून द्यायची. हे अंकही तिनेच रेखले होते : ७३९३९१३३. गणिताच्या निवृत्त बाईंना दारावर नावाऐवजी ही संख्या हवी होती. "मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, बाकी कशानेही भाग जात नाही," असं त्या म्हणाल्या होत्या. मैत्रिणीला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

बाई आल्या तेव्हा काकांनी मान वर केली नाही. "दुसरा कारागीर बघा, बाई. माझं संपलं."

बाईंनी तुटक्या काठावरून बोट फिरवलं. उरलेली संख्या वाचली. "अहो, हीसुद्धा मूळच आहे की!"

"माझं मन राखू नका."

"मी जन्मात कुणाला फुकट मार्क दिले नाहीत. पोरी, शेवटचा अंक झाक. आता उरली तीही मूळ. अजून झाक."

मैत्रिणीचा तळहात डावीकडे सरकत गेला. बाई दर वेळी मान डोलवत होत्या. ७३९ उरले, तेव्हा तिने स्वतः भागून पाहिलं. तीनने नाही. सातने नाही. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस, कशानेच नाही. मग ७३. मग नुसता सात.

"आणि पूर्ण आठ अंकांच्या पुढे आणखी एखादा वाढवला तर?"

"कोणताही वाढव, भाग जातो, फुटते. छाटली तर टिकते, वाढवली तर नाही. अशी हिच्याहून मोठी संख्याच नाही."

"सापडायची असेल."

"नाही. तपासून झालंय. ही शेवटची."

"हे कुणी ठरवलं?"

"कुणीच नाही. आपण नव्हतो तेव्हाही ती अशीच होती."

तिच्या अंगावर काटा आला. तिने वाचलेली प्रत्येक ओळ कुणीतरी लिहिलेली होती. ही कुणीच लिहिली नव्हती. तळहाताखाली दगड गार लागत होता. हात उचलावासा वाटेना.

काकांनी घसा खाकरला. "म्हणजे आणखी एक उडाला, तरी..."

"चालेल."

"आणि सगळेच उडून सात राहिला?"

"तर लोक मला सातवाली बाई म्हणतील. म्हणू देत."

काका हसले नाहीत. तुटक्या काठावरून अंगठा फिरवला. मग छिन्नी उचलली.

"काठ सरळ करून घेऊ. पोरी, दगड धर."

हात अजून कापतच होता. तिने दगड घट्ट धरला.