गुरवसाहेबांचा स्टोव्ह

गेल्या महिन्यात प्लांटच्या ऑफिसात मिरजेहून फोन आला. गुरवसाहेबांच्या पत्नीचा. "हे गेले..." वहिनी म्हणाल्या. मी काहीबाही बोललो, अशा वेळी सगळेच बोलतात तसं. आता फोन ठेवतील असं वाटलं, तर त्या म्हणाल्या, "एक विचारू? शेवटी शेवटी रोज संध्याकाळी मला रॉकेलचा स्टोव्ह पेटवायला लावायचे. घरात गॅस आहे, स्टोव्हवर काही ठेवायचंही नसायचं. नुसते डोळे मिटून ऐकत बसायचे. तुम्हाला काही ठाऊक आहे का?" ठाऊक होतं, पण नुसतं सांगून भागणार नव्हतं. उद्या संध्याकाळी मीच फोन करतो म्हणालो.

इंदापूरच्या बाजूला आमची डिस्टिलरी. तिचं काळं, उग्र वासाचं पाणी ओढ्याला जायचं आणि ओढ्याकाठची माणसं आमच्या नावानं खडे फोडायची. त्या पाण्यापासून गॅस करून बॉयलर चालवायचा, म्हणून नव्वदीच्या सुरुवातीला एका कंपनीनं इथं प्लांट बांधायला घेतला. गुरवसाहेब साईटचे प्रमुख, मी स्टोअरकीपर. मी जवळच्या कळस गावचा, संध्याकाळी घरी जायचो. ते तिथंच पत्र्याच्या खोलीत एकटे राहायचे. मी निघायच्या बेताला त्यांचा स्टोव्ह भरभरू लागायचा. "अर्धा कप घेऊन जा रे," म्हणायचे. चहा पुचाट असायचा; पण मी गेल्यावर त्या माळावर त्यांच्याशी बोलायला कुत्रंसुद्धा नसायचं, म्हणून प्यायचो. असे कितीतरी प्लांट त्यांनी उभे केले होते आणि एकाचाही गॅस पेटलेला पाहिला नव्हता. "आपण मांडव घालायचा आणि अक्षता पडायच्या आत गाडी पकडायची," असं हसत म्हणायचे. इथं मात्र त्यांनी हट्ट धरला होता. गॅसची ज्योत बघूनच जाणार, आणि तीही वहिनींना इथं आणून, शेजारी उभं करून.

गॅस व्हायचा तर आधी टाकीत शेणाचं विरजण लावावं लागतं. त्या शेणातल्या सूक्ष्म जिवांवर सगळा कारभार. मग काय, इस्त्रीचा शर्ट घातलेले साहेब ट्रॅक्टर घेऊन शेजारच्या लासुर्णे गावात गोठ्यागोठ्यांत शेण मागत हिंडू लागले. "साहेब, शिकून सवरून शेणच गोळा करायचं व्हतं, तर आमचं काय वाईट हाय?" असं तिथल्या दगडूतात्यांनी तोंडावर विचारलं. साहेबांनी हसून पाटी पुढं केली. तात्यांनीही भरून दिली. पुढं तर ते स्वतःच हाक मारायचे, "शेणसाहेब, आज ताजं हाय बगा!"

विरजण छान लागलं होतं. बुडबुडे येऊ लागले, तसं साहेबांनी वहिनींना यायला कळवलं. पेटवण्याआधी टाकीची पूजा ठरली. आमचे वॉचमन जगूआबा सोवळ्याओवळ्याचे पक्के. देवाच्या कामाला हा घाण वास कसा चालेल, म्हणून पूजेच्या सकाळी त्यांनी सारा परिसर धुतला आणि विरजणाच्या टाकीत फिनेलचे डबेच्या डबे रिकामे केले. वर हार घातला. साहेब आले, त्यांनी वास घेतला आणि पायरीवरच बसले.

"कसं सोच्छ झालंय, न्हाय का?" आबा कौतुकानं म्हणाले.

"आबा, त्यात जीव होता हो..."

आबांना ते काही केल्या कळेना. साहेब त्यांच्यावर ओरडले नाहीत, याचा मला आजही राग येतो. वहिनी आल्या, प्रसाद खाऊन, मेलेल्या विरजणाची थंड टाकी बघून परत गेल्या. पुन्हा शेण, पुन्हा वाट. कंपनीचा धीर सुटला आणि साहेबांची बदली पार उत्तरेकडे झाली. जाताना स्टोव्ह पोत्यात बांधून घेतला. मला एवढंच म्हणाले, "पेटली की फोन कर."

पेटली ती एका संध्याकाळी. जास्तीचा गॅस जाळायच्या उंच नळीवर भपकन ज्योत उभी राहिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी ऑफिसकडे पळालो.

"रंग कसा आहे?"

"निळा, साहेब. शेंड्याला जरा पिवळा हाय."

"आवाज?"

मी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. हात भरून आला तसा परत कानाला लावला. साहेब म्हणाले, "अरे... आपला स्टोव्हच की हा!" इकडं एकदा यायचं ते नेहमी म्हणायचे. नव्या साईटी, मग आजारपण... जमलं नाही ते नाहीच.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या संध्याकाळी वहिनींना फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. "मला कधीच बोलले नाहीत हो," त्या म्हणाल्या. "त्या पूजेनंतर मीच त्यांची थट्टा केली होती... एवढ्या लांब बोलावून शेणाची टाकी दाखवलीत म्हणून."

"वहिनी, जरा थांबा," म्हटलं आणि रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. समोर ज्योत जळत होती. खूप एकटं वाटलं. हात दुखून आल्यावर मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडूनही तीच भरभर ऐकू येत होती. वहिनींनी तिकडं स्टोव्ह पेटवला होता.