कुमुर्स्का, कारंजा आणि बाबा

रविवारी ऑफिसातली एक मैत्रीण बंगळुरूत मल्लेश्वरमला आमच्या घरी जेवायला आली. मूळची कझाकस्तानची. तिकडे जुन्या तुर्की भाषा शिकली, इथे अ‍ॅपमधली भाषांतरं तपासते. हे मी बाबांना मुद्दामच सांगितलं नव्हतं. सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हे इंजिनिअर गृहस्थ शब्दांच्या मागे लागलेत, आणि त्यांच्या मते जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून आलाय.

मी शिऱ्याचं पातेलं उघडलं तर मुंग्यांची रांग थेट आत.

"कुमुर्स्का!" मैत्रीण ओरडली.

झालं. पेपर टाकून बाबा स्वयंपाकघरात हजर. इंग्रजीत उलटतपासणी सुरू झाली. ती बिचारी सांगत गेली, कझाकमध्ये मुंगीला कुमुर्स्का म्हणतात, तुर्कस्तानात मात्र कारंजा.

"कारंजा!" बाबा मूळचे अकोल्याकडचे. "म्हणजे आमचं कारंजा!"

"बाबा, ते गाव आहे. बाजूला व्हा, मला ओटा पुसायचाय."

"स्वल्प थांब गं." घाईत बाबांच्या तोंडी 'जरा'चं कानडी येतं.

मी थांबले. मुंग्या थांबल्या नाहीत. ती म्हणाली, दोन्ही शब्द फार जुने आहेत. कुणी एक ठेवला, कुणी दुसरा, आणि उझबेक लोक तिसराच वापरतात, चुमोली. तुर्की लोक गमतीनं फोड करतात, 'कारन' म्हणजे पोट, 'इंजे' म्हणजे बारीक. बारीक पोटाची ती कारंजा.

"ऐकायला छान वाटतं, पण पुरावा नाही," ती म्हणाली.

"बरोबर, लोक काहीही जुळवतात," बाबा म्हणाले, आणि लगेच स्वतः जुळवायला लागले. "कुमुर्स्का मात्र उघड आहे. कृमी!"

"मग त्यातला र कुठे गेला?" मी चिडून विचारलं.

"सरकला पुढे. आपण नुकसानचं नुसकान करतोच की."

मैत्रीण शांतपणे म्हणाली, "अंकल, तो शब्द मुळात कुठून आला ते नक्की माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही."

बाबांना हे उत्तर चालण्यासारखं नव्हतं. पोळ्या गार झाल्या, पाहुणी उभीच्या उभी, आणि साजूक तुपातला शिरा मला कचऱ्यात टाकावा लागला. शेवटी मीच तिचा हात धरून तिला टेबलाशी बसवलं. जेवताना बाबांनी तिला मधमाशीबद्दल विचारायला तोंड उघडलं, तेव्हा मी त्यांच्या पानात आमटीचे दोन डाव ओतले.

ती गेल्यावर भांडी घासत होते. बाहेर बाबा अकोल्याच्या काकांशी फोनवर बोलत होते.

"अरे, कझाकस्तानातसुद्धा आपलंच संस्कृत! त्या मुलीनंच सांगितलं."

"ती असं म्हणाली नाही!" मी आतून ओरडले.

"काही नाही रे," बाबा काकांना म्हणाले, "हिला भाषेची आवड नाही."