भावजींचे अरुंद रूळ

आमचे भावजी उतारावर बोलत नसत. बाजारातनं येताना निम्मं वाक्य तोंडात असायचं, आणि उतार लागला की गप्प. सपाटीला आलो की तिथनंच पुढं बोलायला लागायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "वयनी, उतारार हात दांड्यार आनी तोंड बंद."

भावजी म्हणजे माझ्या घोवाचे धाकटे भाऊ. लग्न केलंच नाही त्यांनी. आम्ही मूळचे दोडामार्गाकडले. दोघे भाऊ सुर्ल्याकडे एका खाणीवर कामाला आले, त्यांच्या मागनं मी. तेव्हा माल डोंगरावरनं नदीच्या धक्क्यावर न्यायला अरुंद रूळ होते. भरलेली ट्रॉली उतारावर आपसूक धावायची. मागं उभा असलेला माणूस लाकडी दांडा चाकावर दाबून तिला आवरायचा. दांडा भावजींचा, भरणी माझ्या घोवाची.

आमच्या पोरीचं बारसं होतं त्या दिवशी ट्रॉली वळणावर उलटली. बाजूनं चालणारा माझा घोव तिच्याखाली गेला. घुगऱ्या शिजवून ठेवल्या होत्या, त्या गुरांना घातल्या. मुकादम म्हणाला, दांडा सुटला. सगळ्यांनी तेच धरलं. मी भावजींना म्हटलं, "माझ्या मनात काय नाय." ते म्हणाले, "तुझ्या मनात नसान काय उपेग, वयनी? तू थंय नव्हतंस. माका कळाक व्हया."

परत कोणी त्यांच्या हातात दांडा दिला नाही. त्यांनी खडी फोडली, लोकांच्या बागा राखल्या, आम्हा दोघींना जगवलं.

पोर लग्न होऊन पेडण्याला गेली. तिकडं समुद्राजवळ एका बंगल्यात ती भांडी घासते. तिथल्या बाईनं तिला जुनी खेळणी दिली. एकीवर एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा, चाकं, आगगाडीचे रूळ. पोरीनं पिशवी आमच्याकडं ठेवली. भावजींनी रूळ तेवढे बाजूला सारले. "हे रुंद. आमचे हेच्या निम्मे." मग बारक्या विटा ओळीनं लावून अरुंद रूळ केले, लाल विटांच्या ट्रॉल्या केल्या. रिकाम्या वर ओढायला इंजिन केलं, त्याला धुराडं पेनाच्या टोपणाचं. खोकला आला की हात थांबायचा, खोकला गेला की परत वीट.

शेजारीण यायची. "भावजी, माका बसवा गाडयेत. म्हापशाक सोडा."

"तू बसलंस तर रूळ मोडतले."

ती हसायची. भावजी हसत नसत. पाट तिरपा करून त्यावर वळण मांडत असत.

एक दिवस हाक मारली. "वयनी, हंय बग." ट्रॉली काठोकाठ भरलेली, मागं चाकाला दांड्याच्या जागी रबर दाबून बसवलेलं. सोडली. हळूहळू उतरली, वळण घेऊन खाली गेली. मग त्यांनी कडांवर विटांचा आणखी एक थर चढवला, वरपर्यंत भरली. रबर तसंच. ट्रॉली हळूच वळणावर आली आणि आडवी झाली. परत सोडली. परत आडवी.

"दांडो सुटाक नव्हतो," ते म्हणाले.

मी त्या वरच्या थराकडं बघत राहिले. खाणीवर काम उक्तं असायचं, ठरलेला माल खाली गेला की सुट्टी. खेपा कमी व्हाव्यात म्हणून ट्रॉलीच्या कडांना फळ्या ठोकून जास्त भरायची सगळ्यांनाच सवय.

"फळी कोणी ठोकलेली?"

भावजी विटा सोडवायला लागले. वरचा थर काढता काढता म्हणाले, "बारशाक बेगीन जावचा होता दादाक."

"मगे इतकी वर्षां बोललास नाय?"

"दांडो आदी सुटलो काय ट्रॉली आदी आडवी झाली, ताच माका म्हायत नव्हता. आता कळला, पुरे. कोणाक सांगा नको. मेलेल्या माणसार कित्याक घालूचा? माझ्या नावाची लोकांका सवय झाली हा."

पावसाळा सरता सरता भावजी गेले. बाराव्याला खाणीवरचा एक जुना माणूस आला होता. पानावर बसता बसता म्हणाला, "सोन्यासारखो माणूस. एकदाच हात चुकलो."

माझ्या हातात भाताचा टोप होता. तो मी खाली ठेवला.

"हात चुकाक नाय," मी म्हटलं. "फळी माझ्या घोवान ठोकलेली. पोरीच्या बारशाक बेगीन येवक."

पोर पत्रावळी मांडत होती. एक पत्रावळ हातात धरून ती माझ्याकडं बघत राहिली.

"मांड गे बाये," मी म्हटलं. "माणसां बसली हत."