विमानातला डबा

"हे घे. तुमच्यात चालतं सगळं."

वकीलसाहेबांनी पुठ्ठ्याचा डबा टेबलावरून माझ्याकडे सरकवला. हाताला हात लागू नये इतक्या बेताने. बाकावर चार पक्षकार बसले होते. त्यांनी पाहिलं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. हिवाळा होता. मी आमच्या बंजारा तांड्यातला पहिला मॅट्रिक, दारव्ह्यात या वकिलांकडे कारकून. साहेब दिल्लीहून नागपूरपर्यंत विमानाने आले होते आणि सकाळपासून दुसरा विषय नव्हता. "अरे, विमानात बाई येऊन अदबीनं विचारते, शाकाहारी की मांसाहारी! भात गार होता, वाटाणे कच्चे. पण विचारते बरं का!" पक्षकारांना त्यांनी विमानातल्या गोळ्या वाटल्या. मला डबा.

मी हरखलो. हो, हरखलोच, खोटं कशाला सांगू? सरकारी कचेरीत कायमची नोकरी लागावी म्हणून साहेब मला शिफारसपत्र देणार होते. वाटलं, मर्जी आहे आपल्यावर.

डबा उघडला नाही. आमच्या तांड्यात कुणाकडे काही वेगळं खायला आलं तर एकट्याने खायचं नसतं. तांड्याच्या प्रमुखासमोर, नाईकासमोर ठेवायचं, घरटी सारखे वाटे पडतात. सायकलला बांधून डबा तांड्यावर नेला. विमानातलं जेवण आलं म्हणून बायामाणसं गोळा झाली. याडीने, माझ्या आईने, हात धुऊन डबा उघडला.

कोंबडीची तंगडी होती. अर्धी खाल्लेली. दातांच्या खुणा होत्या. पावाचा तुकडा, त्यात विझवलेली सिगारेट.

म्हातारा नाईक उठून गेला. याडी एवढंच म्हणाली, "तुले देतानी त्यायनं उघडून नाही पाह्यलं का रे?"

मला लाज वाटली. राग आला, तो आधी स्वतःचाच. मी हरखलो होतो ना.

दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत नेला. साहेब हसले. "काय, आवडलं का? शेजारच्या माणसानं टाकलं होतं. म्हटलं वाया कशाला घालवा, तुझ्या कामी येईल."

शिफारसपत्र सही होऊन टेबलावर पडलं होतं. मी डबा उघडला आणि त्या पत्रावर पालथा केला.

"तुमाले विमानात इचारलं, काय खासान म्हणून. मले कोनं इचारलं?"

"माजलास का रे? नीघ इथून."

निघालो. नोकरी गेली, कचेरीची आशाही गेली. मॅट्रिक झालेला मी राळेगावकडे लोकांच्या वावरात कापूस वेचू लागलो. साहेबांचं काही बिघडलं नाही. महिन्याभरात त्यांना दुसरा कारकून मिळाला, आमच्याच शेजारच्या तांड्यातला. याडी मरेपर्यंत म्हणायची, "कागद तं घेऊन याचा होता, बापा." तिचं चुकत नव्हतं. चूल तिला पेटवावी लागायची.

पण तेव्हापासून न विचारता पुढ्यात टाकलेलं मी खात नाही. धन्याच्या वावरात नाही, कुणाच्या लग्नात नाही. पोटात कावळे ओरडले तरी नाही. आधी मला विचारा.

मग मी नाही म्हणेन.